लिंबाची शेवटची वडी

आर्डिसबाईंचा गुरुवारचा गणिती कोड्यांचा वर्ग बंद करायचा, असं शाळा समितीच्या लायलनं वसंतातल्या पंगतीतच जाहीर केलं. जागा हॉकीच्या पोरांना हवी होती. हा लायल चौथीत बाईंच्याच हाताखाली होता आणि पाढ्यांचं नाव निघालं की तेव्हापासून तो काढता पाय घेई.

"बाई, गणितात गंमत असती तर मी नापास झालो असतो का?" तो म्हणाला.

बाईंचा जीव त्या वर्गात अडकलेला. आता घरी बसून काय मांजरांना कोडी घालायची? त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. लायलची बायको बेव्ह हिनं केलेल्या लिंबाच्या वड्यांपैकी ट्रेमध्ये एकच उरली होती. ती तशीच उरणार होती. अमेरिकेत मिनेसोटातल्या त्या गावात शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे चारचौघांत अब्रू घालवणं. तिथे माणूस अर्धा कापून घेतो आणि उरलेला पुढच्यासाठी ठेवतो.

"पैज लाव," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीनं ही वडी खायची. ट्रे रिकामा झाला तर वर्ग बंद. नाही झाला तर गुरुवार माझा."

लायलनं भरलेल्या सभागृहावर नजर टाकली. एवढीशी वडी आणि एवढी तोंडं! त्यानं लगेच हात पुढे केला.

रांग लागली. निम्मी गेली, मग निम्म्याची निम्मी. पाद्रीबुवांनी पावाची सुरी आणली, तर लोकांनी त्यांना हसून मागे ढकललं. दाताच्या डॉक्टरीणबाई गाडीतून आपली हत्यारं घेऊन आल्या. कुणाला तरी शिंक येऊ लागली तेव्हा दोघांनी त्याला उचलून दाराबाहेर नेलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा हसून हसून उभं राहवेना. एक आजोबा रांगेत दुसऱ्यांदा घुसताना पकडले गेले.

शेवटी लायलची पाळी आली. ट्रेमध्ये साखरेचा एक कण होता.

"बाई, हा काही कापला जात नाही हो."

बाई ट्रेवर वाकल्या. कागदावर निम्म्याचं निम्मं कधीच संपत नाही, पण साखर संपते, हे त्यांना पैज लावतानाच ठाऊक होतं. त्यांची भिस्त गणितावर नव्हतीच.

लायलनं ओलं बोट पुढे केलं.

"लायल," बेव्ह शांतपणे म्हणाली, "शेवटचा?"

बोट हवेतच राहिलं. लायलचे कान लालबुंद झाले. त्यानं सगळीकडे पाहिलं. "कुणाला हवाय का?"

सगळ्यांचं पोट एकदम भरलेलं होतं.

बोट खिशात गेलं आणि जो हशा उसळला त्यात बाई खुर्चीवर मटकन बसल्या. आनंदानं त्यांना रडूच यायला लागलं. लायल मात्र ट्रेकडे बघत कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"बाई, आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं तरी किती?"

"एका वडीला कणभर कमी."

"आणि जगातली सगळी माणसं रांगेत लागली असती तर?"

"तरी एका वडीच्या आतच."

लायल खो खो हसत सुटला. चौथीपासून अडकलेलं हसू होतं ते.

घरी जाताना त्यानं ट्रेवर कागद घट्ट लावला आणि मांडीवर धरला. गुरुवारी वर्गात तो कण दाखवायला न्यायचा होता, म्हणून बेव्हनं गाडी अगदी हळू चालवली.