ताईबाईंचे मत

मी एक जुनी मतपेटी आहे. पारोळ्याच्या तहसील कचेरीत काही जण मला 'डबा' म्हणतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. मित्रांनो, डब्यात शेव-चिवडा ठेवतात. कारभार कोणाच्या हाती द्यायचा, हे अख्खे गाव माझ्याजवळ सांगून जाते. मग मी डबा कशी?

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी पत्रा कापून, वाकवून, ठोकून मला घडवले. झाकणाला घडी केलेली मतपत्रिका जेमतेम जाईल एवढीच फट ठेवली. ऐंशी सालानंतर मी रेल्वेने अमळनेरला आणि तिथून ट्रकने पारोळ्याला आले. तेव्हापासून जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, सगळ्या निवडणुका मी पाहिल्या. कधी जीपमधून गेले, कधी बैलगाडीतून, तर कधी एसटीच्या मागच्या बाकावर शिपायाच्या मांडीला टेकून.

मला माझ्या नियमांचा मोठा अभिमान आहे. मतदान सुरू होण्याआधी मला उघडून सगळ्या उमेदवारांच्या माणसांना रिकामी दाखवावे लागते. मग कागदी सील लावायचे, त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, आणि तेव्हाच झाकण बंद करायचे. संध्याकाळी फट बंद करून लाखेची मोहोर लावायची. मोहोर तुटली तर आपण मेलो, असे समजून पोलीस मला सांभाळतात. एवढा मान तालुक्यात कोणाला मिळतो? पण निवडणूक संपली की तीच मी कोठीच्या कोपऱ्यात. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात आणि पाली माझ्या आडोशाला अंडी घालतात. गरज सरो, वैद्य मरो!

आता तुम्हाला ताईबाईंची गोष्ट सांगते. नव्वदनंतरची गोष्ट. ग्रामपंचायतीत बायांसाठी जागा राखीव झाल्या होत्या. पारोळ्याजवळच्या एका लहान गावात अशाच एका जागेसाठी दोघी उभ्या राहिल्या. एक सुंदरबाई, म्हणजे ताईबाईंची सून. दुसरी लताबाई, म्हणजे ताईबाईंच्या सख्ख्या भावाची लेक. झाली का पंचाईत! एकीच्या हातची भाकरी ताईबाई रोज खात, आणि दुसरीला त्यांनी मांडीवर खेळवलेले. म्हातारी कोणाकडे जाते, याचीच गावभर चर्चा होती. दोन्ही घरांनी विचार विचार विचारले. ताईबाई नुसत्या हसत आणि वाती वळत बसत.

मतदानाच्या आधी कचेरीने मला नवा हिरवा रंग दिला होता. सकाळीच शाळेत बायांची रांग लागली, कारण त्यांना पुढे कापूस वेचायला जायचे होते. रांगेत सगळ्यात पुढे ताईबाई होत्या. त्यांनी पडद्याआड शिक्का मारला, मतपत्रिकेची घडी माझ्यात टाकली आणि मला हात जोडले. मतदान केंद्राध्यक्ष चुडामण गुरुजींना वाटले, म्हातारी नमस्कार करते आहे. पण नवी वस्तू बिनकुंकवाची कशी वापरायची? ताईबाईंनी पदराच्या गाठीतले चिमूटभर कुंकू फटीतून हळूच आत सोडले. मला गुदगुल्या झाल्या, पण बोलणार कशी?

दुसऱ्या दिवशी कचेरीत मोजणी झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हिसके बसून कुंकू माझ्या तळाशी सगळीकडे पसरले होते, आणि तळाशी सकाळची मते होती. मोहोर शाबूत, सील शाबूत, सह्या जिथल्या तिथे. झाकण उघडले, तर ढीगभर मतपत्रिकांच्या पाठी लाल! लताबाईचा नवरा अभिमन तिच्या बाजूने बसला होता. सकाळच्या बाया सुंदरबाईच्याच बाजूच्या, असा हिशोब करून तो ताडकन उठला.

"साहेब, ह्या बठ्ठ्या लाल चिठ्ठ्या बाद करा! ही खूण शे. सकाळना बायास्ना मतं वळखू येतस!"

मत ओळखू येईल अशी खूण असली तर ते बाद होते, हा नियमच आहे. म्हणजे भल्या सकाळी आलेल्या त्या सगळ्या बायांची मते केराच्या टोपलीत जाणार!

तेवढ्यात दारातून आवाज आला. सुनेबरोबर आलेल्या ताईबाई व्हरांड्यात उभ्या होत्या.

"साहेब, कंकू मी टाकं. नवी पेटी शे म्हनीसन टाकं. मनं मत कोनतं ते मी सांगस. तेवढं फेकी द्या, पन बाकीना बायास्नं राहू द्या!"

सुंदरबाई एक पाऊल पुढे आली, अभिमनने मान पुढे केली. ज्यासाठी दोन्ही घरे महिनाभर जीव टाकत होती, ते म्हातारी आता सगळ्यांदेखत उघड करणार होती. आणि त्यानंतर दोन घरांपैकी एकाचे दार तिला बंद होणार होते.

निवडणूक अधिकारी बाविस्कर साहेब खुर्चीवरून उठले.

"अक्का, एक शब्द बोलू नका. तुमचं मत कोणाला, हे मला विचारता येत नाही आणि इथं तुम्हाला सांगूही देता येत नाही." मग त्यांनी सगळ्या लाल मतपत्रिका पालथ्या ठेवल्या. "अभिमनभाऊ, खुणेवरून मतदार ओळखू आला, तर मत बाद. यातलं ताईबाईंचं कोणतं, दाखवा."

अभिमनने बराच वेळ पाहिले. सगळ्या पाठी सारख्याच लाल. "कसं सांगू साहेब?" तो पुटपुटला.

"मग ओळख कुठं पटली? सगळी मतं मोजा."

मित्रांनो, मी खूप साहेब पाहिले. पण शिक्का कोणाच्या नावावर आहे हे बघण्याआधी न्याय करणारा तो साहेब मला फार आवडला. मोजणी झाली. लाल मते दोघींनाही पडली होती, आणि सुंदरबाई थोडक्यात हरली.

व्हरांड्यात ती सासूजवळ आली; सासूला ती आत्याच म्हणे. डोळे भरलेले होते. "आत्या, खरं सांग. मले दिधं ना तू मत?"

ताईबाईंनी सुनेच्या डोक्यावरचा पदर नीट केला. "चाल, घर चाल. भूक लागनी व्हई तुले."

सुंदरबाईने डोळे पुसले. मग तिने सासूचा हात धरून तिला ट्रॉलीत चढवले. तिने पुन्हा कधी विचारले नाही, असे नंतर चुडामण गुरुजी कचेरीत सांगत होते.

आता बटणांची यंत्रे येणार म्हणतात. येऊ देत. त्यांनाही आधी रिकामी दाखवा, सील लावा, सह्या घ्या. मला वाटल्यास भंगारात घाला, पण माणसाच्या मताला जपा. आजीला, आईला, शेजाऱ्याला कधी विचारू नका, की शिक्का कोणावर मारला.

ताईबाई आता नाहीत. त्यांचे मत माझ्यात पहिले पडले होते, एकटेच, आणि पडता पडता उलगडले होते. ते कोणाला होते, हे जगात फक्त मला ठाऊक आहे. तुम्हीही विचारू नका.