बारशाआधीचं दुपटं

विनितानं पिशवीतलं दुपटं काढलं, झटकलं आणि सवयीनं उलटं करून पाहिलं. विणकामाची मागची बाजू बघितल्याशिवाय ती कुणालाही शाबासकी देत नसे. दुपटं क्रोशाचं होतं, सुती दोऱ्याचं, कधीकाळी पिवळं असलेलं, कडेनं शिंपल्यांची नक्षी. एका कोपऱ्यावर तिचं बोट थबकलं. तिथं शिंपला पुरता मावत नव्हता म्हणून करणारीनं खांबाचे दोन टाके गाळून वेळ मारून नेली होती. ही लबाडी विनिताच्या चांगली ओळखीची होती, कारण ती तिनंच केली होती.

"धुतलंय हां बाई. गरम पाण्यातनं काढून उन्हात वाळवलंय," समोर बसलेली फ्लॉसी म्हणाली.

फ्लॉसी ही विनिताच्या मुलीच्या मैत्रिणीची, एलिसाची आई. भुईगावहून रिक्षानं आली होती. एका हातात सुकेळ्यांचं पुडकं, दुसऱ्या हातात बाळाच्या जुन्या कपड्यांची पिशवी. विनिताची मुलगी अश्लेषा आज सकाळीच बाळाला घेऊन हॉस्पिटलातून वसईला माहेरी आली होती आणि आतल्या खोलीत आडवी झाली होती.

जुन्या कपड्यांची वेळ आली ती विहीणबाईंमुळे. मनोरमाबाईंनी फोनवर बजावलं होतं: बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, एखाद्या धडधाकट पोराचं अंगावरचं जुनंच घालायचं. "हो हो, आमच्यातही तसंच," असं विनिता गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवून तणतणत स्वयंपाकघरात गेली. कपाटात तिचं दुपटं तयार होतं. पांढरंशुभ्र, आणि इतक्या बारीक सुईवर विणलेलं की तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. नातू घरी येईल तेव्हा पहिल्यांदा आपल्या हातचं त्याच्या अंगाला लागावं, एवढीच तिची इच्छा. मोठी नव्हती, पण महिनोन्महिने जपलेली होती. नवरा, सुधाकर, "बारा दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाला, तेव्हा तिला जास्तच वाईट वाटलं.

आणि आता वरून हे. हे पिवळं दुपटं तिनं पुतण्याच्या, विरारच्या जितेशच्या मुलासाठी केलं होतं. "काकू, कसलं गोड!" म्हणत जितेशच्या बायकोनं ते गालाला लावलं होतं. नंतर एकदा विचारलं तर म्हणाली, "आहे ना." आहे म्हणजे असं, भुईगावच्या पिशवीत! विनितानं आजवर सगळ्या गोतावळ्याला काही ना काही विणून दिलं होतं. रुखवतातली तोरणं, ताटावरचे रुमाल, टोपडी, मोबाईलच्या पिशव्या. आपल्या ओळखीत कुणाला मांजरही पाळायची सोय नाही, त्यालाही ही टोपी घालेल, असं सुधाकर म्हणायचा. लोक तोंडभरून कौतुक करायचे. वापरताना मात्र तिनं फारसं कुणाला पाहिलं नव्हतं. ती बोच जुनी होती. आज तिला पुरावाच मिळाला.

"कुठून आलं हे?" तिनं जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"एलिसाची नणंद आहे ना, जेनिफर, तिच्या ऑफिसात विरारची एक पोरगी आहे. आमच्या एलिसाला सातव्यातच झालं. एवढंसं पोर, थंडीचे दिवस, आणि घरात तयारी काहीच नाही. तर त्या पोरीनं आपल्या मुलाच्या अंगावरचं हे काढून जेनिफरकडे दिलं. तिचा मुलगा त्यासाठी रडून रडून आजारी पडला म्हणे, पण तिनं काही परत मागितलं नाही."

विनिताच्या हातातलं दुपटं जरा खाली आलं.

"आणि ते पोर, आमचा फ्लॉईड! ह्याच्याशिवाय डोळा मिटत नव्हता. मोठा झाला तरी. धुतलं की दोरीखाली जाऊन उभा राहायचा, वाळेपर्यंत. त्यानं सोडलं तेव्हा निर्मळला रोझमेरीच्या लेकीकडे गेलं. मग केनीच्या जुळ्यांना. दोघांत भांडणं." फ्लॉसी हसली. "कोणी केलंय, ते विचारायचंच राहिलं बघा. त्या गडबडीत कुणाला सुचतंय?"

विनितानं दुपटं पुन्हा उजेडात धरलं. मघाशी तिला फक्त आपलं काम दिसलं होतं. आता बाकीचं दिसू लागलं. मधोमध निळ्या दोऱ्यानं केलेलं रफू. दुधाचा न गेलेला डाग. आणि रंग तर धुऊन धुऊन सायीसारखा झाला होता. कपाटात जपलेल्या वस्तूची अशी दशा होत नसते. तिला एकदम भरून आलं. जितेशच्या बायकोला मनातल्या मनात जे काही बोलून झालं होतं, त्याची लाजही वाटली.

"आई, आण ना गं! उघडाच पडलाय हा," आतून अश्लेषाची हाक आली.

विनिता आत गेली. तिनं नातवाला दुपट्यात घेतलं, दोन्ही टोकं दुमडून पाय आत सारले. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, एक पाय पुन्हा बाहेर काढून पाहिला आणि झोपून गेलं. विनिता तशीच उभी राहिली. जे हवं होतं ते झालं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

अश्लेषानं दुपट्यावरून हात फिरवला.

"किती मऊ आहे! राग नको मानूस हां आई, पण तुझं ते पांढरं जरा टोचतं. असं मऊ करायला शीक ना कुणाकडून तरी."

"शिकते," विनिता म्हणाली आणि हसू लपवत बाहेर आली.

बाहेर फ्लॉसी निघायच्या बेतात होती. "बारसं झालं की मात्र परत द्या हां बाई. गिरीजला आमच्या प्लासिडची सून आहे, तिला फेब्रुवारीतली तारीख दिलीय. तिनं आत्ताच सांगून ठेवलंय."

विनिता सांगणारच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगितलं तर ही बाई संकोचणार, "मग तुमचंच की, ठेवा तुम्ही," म्हणणार, आणि दुपटं कायमचं या घरच्या कपाटात जाणार. गिरीजच्या बाळानं मग काय करायचं?

"बसा हो, चहा टाकते. देईन परत, न विसरता," ती म्हणाली.

चहा घेऊन ती आली तेव्हा फ्लॉसी टीपॉयवरची दोऱ्याची गुंडी आणि सुई निरखत होती.

"तुम्हाला येतं वाटतं क्रोशे?"

"येतं थोडंफार."

"मग एक काम करा ना. जुळ्यांनी चावून चावून एका बाजूचे शिंपले उसवलेत. देण्याआधी तेवढे नीट करा." मग तिलाच राहवेना. "पण जपून हां. ज्या बाईनं केलंय तिचा हात फार चांगला आहे. मी मधे अक्कल चालवून निळा दोरा घातला, तो बघा कसा दिसतोय. तुम्हाला जमेल तसं?"

विनितानं कप तिच्यापुढे सरकवला.

"अगदी तिच्यासारखं नाही जमायचं," ती म्हणाली, "पण जवळपास जाईल."