डावी नळी

यंदा धान निसवायच्या आत बंदूक ठाण्यात जमा करायची, असं गोमाजींनी ठरवलं होतं. बंदूक दुनळी, ठासणीची, आजोबांच्या वेळची. परवाना पिकाच्या राखणीचा. नाकाडोंगरीच्या जंगलाला लागून शेत, त्यामुळे रानडुकरं येतातच. पण मागच्या हंगामात गोमाजींची दुसरी गोळी डुकराला सोडून शेजारच्या गोदावरीबाईंच्या शेतातल्या झोपडीच्या टिनातून आरपार गेली. बाई तेव्हा आत नव्हत्या. त्यांनी नवीन टिन मागितलं. गोमाजींनी दिलं नाही. टिन द्यायचं म्हणजे आपला नेमाचा हात गेला हे कबूल करायचं. तो खरंच गेला असेल, ही भीती होतीच.

त्यांची मुलगी खुशबू साकोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती सुट्टीत आली आणि म्हणाली, जमा करण्याआधी एकदा तपासून तर पाहू. परवाना वडिलांच्या नावावर, म्हणून बार तेच काढणार होते. मातीच्या ढिगाऱ्यावर पोत्याचं निशाण लावलं. हाताच्या थरथरीचा फरक पडू नये म्हणून बंदूक रेतीच्या थैलीवर टेकवली.

उजवी नळी बरी लागे. डावीची गोळी दरवेळी हातभर बाजूला जाई. खुशबूनं एकेक गोष्ट बदलून पाहिली. गाड्यांच्या चाकांना लावतात त्या वजनांचं कडक शिसं सोडून मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जुन्या जाळ्यांचं मऊ शिसं वितळवलं. साच्यातून निघालेल्या गोळ्या काट्यावर तोलल्या. हलक्या भरल्या त्यांच्यात पोकळी राहिलेली, त्या परत भांड्यात टाकल्या. दारू जराशी कमी केली. गोळीभोवतीच्या चिंधीला टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावलं. उजवीचा नेम आणखी सुधारला. डावी होती तिथंच राहिली.

गोदावरीबाई दोन्ही शेतांमधल्या बांधावर, धुऱ्यावर बसून पाहत होत्या.

"गोमाजीभाऊ, माही झोपडी इकडं आहे. तिकडं कायले मारून राहिले?"

 गोमाजी पुन्हा उजव्या नळीत दारू ओतू लागले, तेव्हा खुशबूचं लक्ष गेलं.

"बाबा, एकदा डावी आधी मारा न."

उजवीच आधी असते, ते म्हणाले. दसऱ्याला कुंकू आधी उजवीला, दारू आधी उजवीत, चाप आधी उजवीचा. आजोबांपासून तसंच चालत आलेलं. खुशबू हेच पाहत मोठी झाली होती. म्हणूनच सगळं बदलूनही क्रम बदलायचं तिला सुचलं नव्हतं.

गोमाजींनी नाखुशीनं डावी आधी उडवली. गोळी मधोमध बसली. मग उजवी उडवली. ती हातभर बाजूला गेली.

पुढच्या वेळी ठासायचा गज उजव्या नळीत गोळीला टेकवून, नळीच्या तोंडापाशी खुशबूनं त्यावर खूण केली. डावी उडाल्यावर तिनं उजवीची बार पेटवणारी टोपी काढायला लावली आणि गज पुन्हा आत घालायला सांगितला. खूण नळीच्या तोंडाच्या दोन बोटं वर राहिली. पहिल्या बाराच्या हिसक्यानं दुसऱ्या नळीतली गोळी जागा सोडून पुढे सरकत होती, म्हणून तिचा नेम चुकत होता. अशी रिकामी जागा राहिली तर नळी फुटूही शकते, हे तिनं वडिलांना तिथंच सांगितलं.

चिंधी आजवर जुन्या लुगड्याची असे, धुऊन धुऊन विरलेली; तिच्यात गोळी सैल बसे. खुशबूनं गोधडीसाठी आणलेल्या जाड मांजरपाटाची पट्टी फाडली. गोळी ठासायला जोर लागला. या वेळी बार झाल्यावरही खूण हलली नाही. मग जुन्याच क्रमानं, उजवी आधी आणि डावी नंतर. डावीची गोळी उजवीच्या छिद्राला खेटून लागली.

गोमाजींनी निशाणापाशी जाऊन दोन्ही छिद्रांवरून बोट फिरवलं.

"तुमचा हात नाही गेला, बाबा," खुशबू म्हणाली.

"मंग माहं टिन का चिमण्यायनं फोडलं?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"माह्याच बंदुकीनं फोडलं, बाई," गोमाजी म्हणाले. "उद्या आणून देतो."

दुसऱ्या दिवशी ते तुमसरहून टिन घेऊन आले आणि स्वतः झोपडीवर चढून ठोकून दिलं. वरून त्यांना आपला राखणीचा माळा दिसला, जिथून ते बार काढत तो, झोपडीच्या सरळ समोर. संध्याकाळी त्यांनी तो उचलून शेताच्या दुसऱ्या टोकाला नेला.

बंदूक घरीच आहे. पहिल्या बारानंतर ते टोपी काढून, गज घालून खूण पाहतात, मगच दुसरा बार. तोवर डुक्कर पळून जातं. जाऊ दे, म्हणतात.