खलनायकाचा खिसा

शिवणकाम करणाऱ्या मावशीने ते संगीत नाटक तेवीस वेळा पाहिलं होतं. खलनायकाने नायकाचं पत्र कोटाच्या आतल्या खिशात दडवलं की तेवीसही वेळा ती खुर्चीतून "मेल्या!" म्हणून ओरडली होती. त्या पत्रापायी बिचारी नायिका अख्खा तिसरा अंक रडायची.

एके दिवशी नाटकाचा कपडेवाला तोच कोट घेऊन तिच्याकडे आला. अस्तर फाटलं होतं. मावशीचे हात शिवशिवले. तिने अस्तर तर शिवलंच, वर खिशाचं तोंडही दुहेरी टाक्याने बंद करून टाकलं. "आता दडव!"

दुपारच्या प्रयोगाला ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. खलनायक पत्र खिशात सारायला गेला, तर खिसा काही उघडेना. त्याने कोट चाचपला, ओढला, घाम पुसला, आणि पत्र सटकन नायिकेच्या पायाशी पडलं. सगळं थिएटर बघतंय म्हटल्यावर तिला ते वाचावंच लागलं. दुसऱ्याच अंकात लग्न ठरलं नि पडदा पडला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मावशी मात्र तोंड पाडून बसली. ज्या विरहाच्या गाण्यासाठी ती तेवीस वेळा आली होती, ते तिसऱ्या अंकात होतं.

कपडेवाला तणतणत कोट घेऊन आला, तेव्हा ती उसवायला कात्री घेऊन तयारच होती.

"दडवू दे मेल्याला पत्र," ती म्हणाली. "रडल्याशिवाय का ती गाणार आहे?"