बोंडलंभर औषध

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. मित्रांनो, बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी म्हणजे मी. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका सोनाराने मला ठोकून घडवलं आणि मल्लव्वाने आपल्या बाळासाठी, शिवपुत्रासाठी घरी आणलं. माझ्यातलं दूध पिऊन तो वाढला खरा, पण मुडदुसाने त्याचे पाय वाकले. गल्लीतली पोरं त्याला फेंगड्या म्हणायची. मल्लव्वाने मला फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकलं. त्या अंधारात वाटत राहायचं, माझ्याच दुधात काही कमी होतं का?

बऱ्याच वर्षांनी शिवपुत्राला मुलगी झाली, रुद्राणी. मग मला बाहेर काढून घासूनपुसून चकचकीत केलं. डॉक्टरांनी बाळाला व्हिटॅमिन डीचं औषध लिहून दिलं होतं, रोज अर्धा ड्रॉपर. रुद्राणीची आई राजनंदिनी बी.एस्सी. झालेली, पण भारी धास्ती घेणारी. जंतू नकोत म्हणून तिने ड्रॉपर उकळत्या पाण्यात टाकला आणि तो वेडावाकडा झाला. नवा आणेपर्यंत माझ्यातूनच देऊ, असं ठरलं. नवा कधी आलाच नाही.

पहिल्या दिवशी तिने माझा तळ झाकेल एवढंच ओतलं. शेजारी बसलेली मल्लव्वा हळूच म्हणाली, "जरा जास्त घाल की, नंदा. माज्या पोराचे पाय बघतीस न्हवं?"

राजनंदिनीने दारातून येणाऱ्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं आणि बाटली आणखी कलती केली.

पुढे रोज तसंच. बाळ दूध टाकू लागलं, ओकू लागलं. शी खड्यासारखी व्हायची, लंगोट सारखे ओले आणि ओठ मात्र कोरडे. अशक्तपणा आहे, म्हणून दोघी मला काठोकाठ भरू लागल्या. पोर सुकत होती आणि मला रोज भरलं जात होतं. मला ओरडता आलं नाही.

एका सकाळी रुद्राणीने मान टाकली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध किती देता? मल्लव्वाने पिशवीतून मला काढलं आणि माझ्या काठावर बोट टेकवलं. डॉक्टरांनी मला हातात घेऊन आतून पाहिलं.

"हे दूध नाही, अव्वा. हे अंगात साठत जातं. रक्तात कॅल्शियम चढलंय, मूत्रपिंडांवर आलंय."

"तिचे पाय वाकू नयेत म्हनून केलं ओ," मल्लव्वा म्हणाली.

औषध थांबलं, सलाईन लागलं. रुद्राणी वाचली. आता ती सरळ पायांनी घरभर धावते. तरी तपासण्या चालूच आहेत. तिने लागोपाठ दोनदा पाणी मागितलं, की कॅल्शियम पुन्हा चढलं की काय म्हणून राजनंदिनी तपासणीचे कागद काढून बसते.

माझी जागा आता तिच्या खेळण्यांत आहे. काल तिने मांडीवर बाहुली घेतली, मला पाण्याने काठोकाठ भरलं आणि म्हणाली, "पी गं बाळा, पाय सरळ व्हतील."

भाकरी भाजणाऱ्या राजनंदिनीने ते ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली. ती उठून आली, माझ्यातलं पाणी तिने मोरीत ओतलं आणि मला पदराने कोरडं पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"बाहुलीचे पाय सरळच आहेत, राणी."

मित्रांनो, मला दूध पाजायला घडवलंय. औषध मोजणं मला येत नाही, आणि मायेच्या हातालाही येत नाही. तुमच्या घरी कुणी बाळासाठी बाटली कलती केली, तर तो हात धरा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप आधी शोधा. ते सापडेपर्यंत मला रिकामंच राहू द्या.