उलटे प्रश्न

छोटीचा आकडा भलताच देखणा आला होता. दवाखान्यातल्या नर्स कामाने किती थकतात, याची प्रश्नावली तिने बनवली होती. फॉर्म भरून आले, आणि उत्तरं एकमेकांशी जुळतात का हे तिने कॉम्प्युटरवर तपासलं, तर ती अगदी मापात जुळली. तिच्या गाइड मॅडम फोनवर खूश. "लिहून टाक अहवाल!" सोमवारी तो विश्वस्तांपुढे जायचा होता. सलग दोन पाळ्यांची सक्ती थांबणार की नाही, ते त्यावर ठरणार होतं, आणि त्या पाळ्यांत छोटीची सख्खी ताई पिचून निघाली होती.

पण छोटीच्या जिवाला चैन पडेना. तिने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. आणि एकदम तिला आठवलं. उलटे प्रश्न! 'शांत झोप लागते' असे काही प्रश्न मुद्दाम उलटे घातलेले असतात आणि हिशेबाआधी त्यांचे गुण फिरवायचे, म्हणजे होकाराचे नकाराला द्यायचे असतात. नेमकं तेच ही शहाणी विसरली होती. तिने गुण फिरवले आणि जुळणीचा आकडा धाडकन कोसळला. 'रात्री दचकून जाग येते' याला होकार, 'शांत झोप लागते' यालाही होकार. प्रत्येकीने सगळीकडे एकच उत्तर दिलं म्हणून ती जुळली होती, थकवा त्यांत कुठेच मोजला गेला नव्हता.

ताई ओट्याशी पुढच्या पाळीचा डबा भरत होती.

"ताई, फॉर्म भरताना काय झालं गं?"

"काय होणार? मेट्रनबाई समोर उभ्या. म्हणाल्या, एकाच रकान्यात खुणा करा आणि आटपा, पेशंट खोळंबलेत."

फॉर्मांचा गठ्ठा मेट्रनबाईंकडे छोटीनेच दिला होता, स्वतःच्या खेपा वाचाव्यात म्हणून.

"मग मला सांगायचं नाही? तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

ताईने डब्याचं झाकण दाबलं. "एका घरात राहतो आपण. तू मला कधी विचारलंस? फॉर्म पाठवलास."

छोटीला आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मॅडमना फोन लावला. सोमवारी अहवाल येणार नाही, एकेकीला एकटीला गाठून पुन्हा विचारणार, म्हणाली. मॅडम काय बोलल्या ते तिने धड ऐकलंही नाही.

"म्हणजे पाळ्या तशाच," ताई म्हणाली.

"सध्या तरी." छोटीने तिच्या हातातला डबा काढून घेतला. "झोप लागते का गं तुला?"

"कुठल्या रकान्यात सांगू?" ताई हसली, आणि हसता हसताच खाली बसली. "नाही लागत गं. वर्ष झालं."