वाळूच्या पेटीत उरलेला रुटाबागा

मी रुटाबागा बोलतोय. ओळखलं नाहीत ना? हरकत नाही. कोबी माझा एका बाजूचा पूर्वज, सलगम दुसऱ्या बाजूचा. कधीतरी कुठल्यातरी बागेत त्या दोघांचं जुळलं आणि आमचं घराणं सुरू झालं. मोहरी, मुळा, नवलकोल, सगळे आमच्याच गोतातले. घरचं कार्य काढलं तर मांडव पुरायचा नाही.

मला वाढवलं रेइनो लाहटेलाने. आमचं बी त्याच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. दर ऑक्टोबरला तो उपटलेल्या कंदांतून बारा निवडायचा, तळघरात वाळूच्या पेटीत पुरायचा आणि बर्फ गेला की पुन्हा जमिनीत लावायचा. आम्हाला फुलं येतात ती दुसऱ्या वर्षी. निवडताना तो इतका वेळ घ्यायचा की त्याची बायको एल्मा म्हणायची, माझ्याशी लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतास.

जानेवारीत रेइनो तळ्यावर मासे धरायला गेला आणि पायाखालचा बर्फ फुटला. धाकटा भाऊ अर्वो त्या दिवशी सोबत जाणार होता. तो उशिरा उठला. यावर मी काही बोलणार नाही. तोही बोलत नाही.

दफनानंतरच्या जेवणाला चर्चमधल्या बायका पेस्टी करायला बसल्या. पिठाच्या पारीत मांस, बटाटा आणि रुटाबागा भरायचा. रुटाबागा कमी पडला म्हणून त्यांनी अर्वोला तळघरात पाठवलं. डावीकडे साध्या कंदांची टोपली होती. पण भावाच्या जेवणाला साधं कसं द्यायचं? पठ्ठ्याने वाळूतले उचलले. अकरा गेले. मी तळाशी होतो, त्याच्या हाताला लागलो नाही.

अशी पेस्टी कित्येक वर्षांत खाल्ली नाही, असं जो तो म्हणत होता. कशी खाल्ली असेल? पुढच्या पिकाचे अकरा आईबाप फस्त केले त्यांनी.

आठवड्याने एल्मा खाली आली आणि पेटीपाशी थबकली. तिने अर्वोला हाक मारली.

"पेटीतले कुठे गेले रे?"

"जेवणाला दिले, वहिनी. तेच चांगले होते."

"बियाण्याचे होते ते."

बरणीतलं जुनं बी उंदरांनी केव्हाच संपवलं होतं. अर्वो पायरीवर बसला तो उठेना. एल्माने वाळू उपसली आणि मला बाहेर काढलं. रेइनोच्या हातचं एवढंच उरलं होतं.

मे महिन्यात त्यांनी मला लावलं. जूनमध्ये मी एल्माच्या खांद्याएवढा झालो, पिवळा फुललो. मग दुकानात कुणीतरी अर्वोला सांगितलं, या कुळातली झाडं एकमेकांत मिसळतात, बी बिघडतं. झालं. त्याने वाफ्यातला कोबी उपटला. कोबीला एक फूल नव्हतं. मुळे उपटले. मुळ्याचं आणि माझं नातं इतकं लांबचं, की रस्त्यात भेटलो तरी रामराम होणार नाही. शेवटी पिवळं दिसलं म्हणून तणातलं डँडेलियनसुद्धा उपटलं. ते तर आमच्यातलं नाहीच. आमच्या फुलाला चार पाकळ्या असतात, पण मोजतोय कोण?

माझा खरा सख्खा मात्र कुंपणापलीकडे उभा होता. शेजारच्या हिल्याकाकूंचा फाटक्या पानांचा केल, पालेभाजीच ती, पण फुलावर आलेली. त्याला खाली कंद नाही, मला वर तसली झालर नाही. पण आमची जात एकच. एका मधमाशीचं काम होतं. काकूंनीच ते सांगितलं, कारण उपटलेल्या कोबीचा ढीग पाहून त्यांना राहवलं नाही.

"तोंडं बघून नाती ठरवतोस होय? कोबी कशाला मारलास? तुझ्या रुटाबागाचा भाऊ हा बघ इथे उभाय."

अर्वो विळा घेऊन कुंपणावर चढला.

"माझ्या केलला हात लाव," काकू जागच्या न हलता म्हणाल्या, "शनिवारी माझ्या सौनात वाफ घेणं तुला कायमचं बंद."

"काकू, रेइनोचं एवढंच राहिलंय हो."

काकू घरात गेल्या. अर्वो कुंपणावर तसाच अडकलेला, एक पाय इकडे, एक तिकडे. त्या आल्या त्या खिडकीचा जाळीचा पडदा घेऊन. म्हणाल्या, हा त्याच्यावर टाक, खाली घट्ट बांध, आणि रोज सकाळी फुलं हलव. त्याचं त्याला फळतं, दुसऱ्या कुणाची गरज नाही.

तेव्हापासून मी नवरीसारखा पडद्यात. अर्वो रोज यायचा, मला हळूच हलवायचा, आणि रेइनोशी बोलल्यासारखं काहीबाही बोलायचा. बहुतेक हवामानाबद्दल.

आता ऑगस्ट संपतोय. शेंगा भरल्यात, पानं पिवळी पडून गळताहेत. आम्ही बी धरलं की जातो, एवढं साधं आहे. पण अर्वोला ते बघवेना. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतायचा. मुळाशी चिखल, शेंगांवर बुरशीचा पहिला ठिपका. काल एल्माने त्याचा हात धरला.

"पुरे कर, अर्वो. वाळू दे त्याला."

"पाणी थांबवलं तर मरेल तो."

"मरू दे. बी कुजलं तर काहीच राहणार नाही."

तो बादली उचलून निघून गेला.

आज सकाळी तो पुन्हा आला. बादली रिकामी होती. पडदा काढून त्याने माझ्या शेंगा उन्हाला मोकळ्या केल्या, बादली शेजारी उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिला.

बैस, अर्वो. अजून आठवडाभर ऊन हवंय मला. मग खुशाल काप.